हातातून सुटलेला झाडू

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी झाडू आहे, जुना, दांड्याला दोन ठिकाणी सुतळी गुंडाळलेला. पण सारे आयुष्य प्रार्थनामंदिरात गेले आहे माझे. एका म्हातारीने मला घट्ट बांधले आणि निघताना बजावले, "जा, नीट राब." ते मी फारच मनावर घेतले.

मला विकत आणले मावशींनी; मंदिरात सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्या पगार न घेता मंदिर झाडायच्या. बाकांखाली, पायऱ्यांवर, घंटेच्या खोलीत कुठेही केर दिसायचा नाही. लोक कौतुक करायचे आणि मला वाटायचे, हे सगळे माझ्यामुळेच. उतू नये, मातू नये म्हणतात. मी चांगलाच मातलो होतो.

एक गोष्ट मात्र सलायची. रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली, की मावशी मला घेऊन हळूच बाहेर यायच्या. आत सगळे ख्रिस्ताच्या आठवणीने पावाचा तुकडा घ्यायचे आणि मावशी बाहेर स्वच्छच असलेली पायरी पुन्हा झाडत बसायच्या. त्याचे कारण मला त्यांच्या पुटपुटण्यातून कळले. आई आजारी असताना त्या भांडून घर सोडून गेल्या होत्या. परतल्या, तेव्हा आई नव्हती. "एवढं पाप केलंय, आधी ते फेडू दे," असे त्या झाडता झाडता म्हणायच्या.

मंदिरात प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांनी कितीदा समजावले. "मावशी, तारण, पापातून सुटका, ही कमवायची नसते हो. ख्रिस्ताने ते कृपेने दिलंय. आपण विश्वासाने घ्यायचं."

"तुमचं खरं आहे," मावशी म्हणायच्या, "पण तेवढा मागचा कोपरा राहिलाय." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय.

मग एकदा त्या घसरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि बाकांवर धूळ साठली. रविवारी त्या पायरीवर येऊन बसल्या, डाव्या हातात मला गच्च धरून. झाडता येत नव्हते, पण सोडवतही नव्हते.

आतले भोजन उरकत आले. पाळक पावाचा तुकडा घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी धुळीतच बसले.

"कोणत्या तोंडाने घेऊ?" मावशी म्हणाल्या. "आज तर झाडलंही नाही. माझ्याकडे काहीच नाही."

"मग आजच घ्या. इथे रिकामाच हात लागतो."

एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्यात मी. मावशींनी पावाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला धास्तीच बसली. मला सोडले, तर यांच्याजवळ उरणार काय?

त्यांची बोटे सैल झाली. मी खडखडत पायऱ्यांवरून खाली गेलो. वर पाहिले, तर मावशी पाव खात होत्या आणि रडत होत्या. "फुकटच दिलंस की रे, देवा," एवढेच म्हणाल्या. पडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

हात बरा झाल्यावर त्यांनी मला पुन्हा उचलले. आता त्या झाडताना गुणगुणतात, एखादा कोपरा राहिला तर हसतात, आणि भोजनाला सगळ्यांबरोबर आत बसतात. माझ्या काड्या केव्हाच गळाल्या. नवा झाडू आला, तरी मावशींनी मला टाकले नाही. दाराआडच्या खुंटीवर मला माझी जागा आहे. मी ती कमावलेली नाही, म्हणून तर रोज आभार मानतो.

मित्रांनो, आपल्या झाडूला जपा, ओला ठेवू नका. मन लावून झाडा. पण कुणी प्रेमाने काही देऊ केले, तर झाडूला आधी खाली ठेवा. त्याला राग येत नाही.