त्रिवेणीच्या पाटीवरचा झाकलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. मला बोलायची सवय नाही. मी आयुष्यभर तीनच ओळी सांगत आले, त्यामुळे ही मोठी गोष्ट नीट जमेल की नाही, शंकाच आहे. पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म १९९१ साली हैदराबादच्या बेगम बाजारामागच्या एका बोळात झाला. उमाजी बिरादार नावाचे गवंडी मला घडवून घ्यायला आले. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. पाट्या कोरणाऱ्या चाचांनी ती वाचली आणि छिन्नी उचलली.

"बेटी का नाम है क्या मिस्त्री? सोने के वैसा चमकाता मैं!"

पहिली ओळ कोरली, त्रिवेणी बिरादार. दुसरी, आर्किटेक्ट. तिसरी, नोंदणीचा क्रमांक. अक्षरांत काळी लाख भरली. उमाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवरून भिंती उभ्या केल्या होत्या. आर्किटेक्ट साहेब कामावर आले, की ते डोक्याचं मुंडासं काढून बाजूला उभे राहत. आता तोच शब्द लेकीच्या नावाखाली आला होता.

अंबरपेठेतल्या दोन खोल्यांच्या कचेरीबाहेर मी लागले. त्रिवेणी कुणाचा जिना, कुणाचं कुंपण, कुणाची वाढीव खोली आखून देई. येणारे मला वाचूनच आत शिरत. उमाजी रोज सकाळी चिंच लावून मला घासत. पुढे कचेरी सिकंदराबादला गेली, तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेऊनच रिक्षातून नेलं.

तो काळच दिपवणारा होता. परदेशी कंपन्या येत होत्या. शहराबाहेरच्या खडकांवर काचेच्या इमारती उठणार, असं जो तो बोले. १९९७ साली पुण्याचे सुरेश नावाचे गृहस्थ अशाच एका इमारतीचं काम घेऊन आले. नऊ मजले! त्रिवेणीने दोन महिने खपून आराखडा केला. सोमवारी तो तिच्या सहीने महापालिकेत जायचा होता.

शुक्रवारी तिने नोंदणीचा कागद काढला आणि त्यावरची तारीख पुन्हा वाचली. मुदत केव्हाच संपली होती. तिने दिल्लीला फोन लावला. तिथल्या परिषदेच्या नोंदवहीत देशभरच्या आर्किटेक्टांची नावं असतात. वहीत नाव असेल त्यालाच तो शब्द लावता येतो. पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं, की नूतनीकरणाची स्मरणपत्रं अंबरपेठेच्या पत्त्यावरून परत आली. गेल्या आठवड्यात नाव उतरवलं. अर्ज केला तर महिनाभरात परत चढेल, पण तोवर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नका.

तिने नवा पत्ता कळवलाच नव्हता. एवढीशी चूक!

तिचा नकाशे काढणारा श्रीकांत म्हणाला, "मॅडम, सही ठोका ना. कौन देखता? म्युनिसिपालिटीवाले शिक्का बघतात, दिल्लीला फोन थोडीच लावतात?"

त्रिवेणीने पेनाला टोपण लावलं. उमाजी उठून माझ्यापाशी आले.

"पोरी, यातला तो शब्द कंचा? मधलाच ना?"

"हो, बाबा."

"तो झाकला तर खाली काय राहतंय?"

"नंबर राहतो. पण तोही आत्ता चालत नाही."

"आन् वर?"

"माझं नाव."

"ते तर म्या ठेवलंय. ते कोण उतरवतंय बघू!"

त्यांनी चिकटपट्टी मागितली आणि ज्या बोटांनी मला रोज उजळवलं, त्याच बोटांनी माझ्या खालच्या दोन्ही ओळी झाकल्या. मित्रांनो, मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटे, तो शब्द माझा आहे. पण शेकडो कोसांवर ठेवलेल्या एका वहीतली ओळ पुसली गेली, आणि इथे एका बापाने आपला अभिमान स्वतःच्या हाताने झाकला. मला एवढ्या मोठ्या गोष्टीत जागा मिळाली होती, हे तेव्हा कळलं.

सोमवारी सुरेश आले. "अहो मॅडम, पाटीला पट्ट्या? दुकान बंद केलंत की काय?"

त्रिवेणीने सगळं सांगितलं. ते टेबलावरचा आराखडा उलगडून बघत म्हणाले,

"न सांगता सही केली असती, तर मला कळलंही नसतं."

"मला माहीत होतं ना," ती म्हणाली.

"पटतंय हो. पण मला महिनाभर थांबता यायचं नाही." त्यांनी जागेचा नकाशा गुंडाळला, उमाजींना नमस्कार केला आणि ते गेले. ती इमारत दुसऱ्याच्या सहीने उभी राहिली. त्रिवेणी पुढे कधी त्या रस्त्याने गेली, तर रिक्षा हळू घ्यायला सांगे, असं श्रीकांत सांगायचा.

सातव्या आठवड्यात पत्र आलं. नाव परत चढलं होतं. उमाजींनी रॉकेलच्या बोळ्याने माझ्यावरचा डिंक दिवसभर पुसला.

आता उमाजी नाहीत. नव्या कचेरीबाहेर स्टीलची अक्षरं आहेत आणि मी कपाटात काळी पडत चालले आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं पितळ असेल, तर त्याला अधूनमधून चिंच लावा. आणि मोठे झालात, की तुमच्याही नावाखाली एखादा शब्द येईल, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट. तो जपा. घर बदललंत तर नवा पत्ता वेळेवर कळवा. कळवायचं राहूनच गेलं, तर कुणी सांगायची वाट न बघता तो शब्द आपल्याच हाताने झाका.