दोन हातांचं व्हायोलिन

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक भैयाजी यांना नव्या वस्तूंचा भारी सोस. सत्याऐंशी साली त्यांच्या मेहुण्याने दुबईहून चिमुकला की-बोर्ड आणला, तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. त्याच्या बारक्या माइकमधून कुठलाही आवाज आत भरायचा आणि पट्ट्या दाबून तोच आवाज सुरात वाजवायचा. भैयाजींनी आधी स्वतःचा खोकला भरला. मग शहाण्यासारखं आमच्या वामनकाकांच्या व्हायोलिनचा एक सूर भरून घेतला.

पुढच्याच आठवड्यात सीताबर्डीवर काकांची सायकल घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. कन्हान गावचा कार्यक्रम तर तोंडावर आलेला.

"देवकी, वायलिन तू या नव्या की-बोर्डवर वाजव," ऑर्केस्ट्रात हार्मोनियम वाजवणाऱ्या मला भैयाजी म्हणाले. "जमलं तं पुढंही तसंच करू. मेटाडोर गाडीतली एक जागा मोकळी होईन."

हे काकांच्या तोंडावर! ज्यांचा जन्म या ऑर्केस्ट्रात गेला, त्या माणसाला. मी काही तरी जळजळीत बोलणार होते, पण काकाच हसले.

"वाईट वायलिन मले ऐकवत नाही वं. उद्या घरी ये."

महाल भागातल्या त्यांच्या खोलीत मी वाजवायला लागले की काका डोळे मिटून घ्यायचे. आनंदाने नव्हे. सूर स्वच्छ होता, पण त्यापेक्षा गिरणीच्या भोंग्यात जीव जास्त.

"दोन पट्ट्या संग दाबू नको," ते सांगत. "अन् वायलिनचा गज कधी तरी संपते, वळते. तिथं थोडं थांबत जा."

मी थांबले, एका पट्टीवरून दुसरीवर हळूच सरकले, जीव तोडून वाजवलं. बरं झालं थोडं, पण माणूस काही ऐकू येईना. खरं सांगायचं तर बरं होत होतं याचंच मला वाईट वाटत होतं. मी जितकं चांगलं वाजवणार, तितकी काकांची जागा जाणार.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आईने ट्रान्झिस्टरसाठी, मी सरावाला घरी आणलेल्या की-बोर्डचे सेल काढले. आमच्या घरात सेल कधीच एका जागी टिकत नसत. पण सेल निघाले की भरलेला आवाज पुसला जातो, हे तिला कुठून ठाऊक! सेल परत घालून पट्टी दाबली, तर व्हायोलिन गायब. माझ्या तोंडचं पाणी पळालं. की-बोर्ड घेऊन धावत काकांकडे गेले.

काकांनी प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डावा हात तं आहे ना मले? गज तू ओढ."

मी जन्मात गज धरला नव्हता. काकांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवलं आणि मी शेजारी उभी राहून गज ओढला. आधी नुसतं करकरलं. मग सूर लागला. तारेवर त्यांचं बोट डुलत होतं, माझा गज अडखळत पुढे सरकत होता.

"हाच भर!" काका ओरडले.

तो माइकमधून भरून मी पट्टी दाबली. सूर जरासा खरवडत आला, अडखळला आणि मग मोकळा झाला. या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत. ते भरून आले होते, माझेही.

कन्हानला लोक माना उंच करकरून व्हायोलिनवाला शोधत होते. टाळ्या थांबेनात. भैयाजी खुशीत मागे आले.

"वामनराव, आता तुम्ही आरामच करा. देवकी आहे ना!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. मी की-बोर्ड उलटा केला, झाकण उघडलं आणि सगळे सेल काकांच्या डाव्या हातात ओतले.

भैयाजींनी घाईघाईने ते परत घातले. पट्टी दाबली, दुसरी दाबली, मग तळहाताने सगळ्याच दाबल्या.

"वायलिन कुठं गेलं वं?"

"काकांचं प्लास्टर निघालं की येईन ते," मी म्हणाले. "मेटाडोरमध्ये जागा ठेवजा."