परकं जनुक

“परकी म्हणजे? पोरगी इथंच जन्मली, याच इस्पितळात!” नांग सेंगचा आवाज असा चढला की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावू लागली.

डॉक्टर थानितांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, जन्म इथला, पण नागरिकत्व नाही ना. वरून नवा नियम आलाय. हा उपचार आता फक्त थाई नागरिकांना.”

सेंग म्यानमारमधल्या शान जमातीची. हॉमला पोटात घेऊन सीमा ओलांडली आणि थायलंडात चिआंग माईला आली, तेव्हापासून एका हॉटेलात चादरी धुते. हॉमचं रक्त अंगात टिकतच नाही. दर महिन्याला दुसऱ्याचं चढवावं लागतं. गेल्या वर्षी याच डॉक्टरांनी आशा लावली. पोरीच्या मूळ पेशी काढायच्या, त्यांत बाहेरून निरोगी जनुक घालायचं आणि त्या परत तिच्याच अंगात सोडायच्या. पेशी काढल्या, जनुक घातलं, ते छान रुजलंही. पिशवी गोठवून तळघरात तयार ठेवलेली. आणि आता म्हणे नियम! मेला नियम!

“सगळ्यात आधी आमच्या हॉमच्या पेशींत जमलं म्हणून फोटो काढलेत,” सेंग म्हणाली, “तेव्हा नव्हती का हो ती परकी?”

डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा चढवला.

“आणि ते जनुक कुणाचं? माझं? तिच्या बापाचं?”

“नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं. तसं परकंच.”

“बघा! पेशींनी त्याला घरात घेतलं, ओळखपत्र नाही मागितलं. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला नाही जमत होय?”

“आई, पुरे ना गं. लोक बघतायत,” हॉमनं तिची बाही ओढली.

“बघू देत! लाज त्यांना वाटू दे. डॉक्टर, उपचार नाही ना करायचे? मग आमची पिशवी आम्हाला द्या.”

“घरी नेऊन काय करणार, ताई? बाहेर काढली की पेशी मरतील. त्या आता संशोधनासाठी ठेवायच्यात.”

“म्हणजे पोरगी परकी,” सेंग म्हणाली, “आणि तिच्या पेशी तुमच्या!”

सेंग उठली. “निदान पिशवी ठेवलीय त्या खोलीचं दार तरी दाखवा.”

नर्स जुथानं दोघींना तळघरात नेलं. पोलादी दाराला मोठं कुलूप. माणसाचा ख्वान, म्हणजे अंगातला जीव, कुठं अडकून राहिला की नाव घेऊन त्याला घरी बोलवायचं असतं. सेंगनं दारावर तळहात टेकवला.

“हॉम, ए हॉम! चल गं बाई घरी. इथं केवढी थंडी! भात शिजवून ठेवलाय. अंथरूण घातलंय. चल, माझी बाय ती.”

“ओ बाई, इथं थांबायचं नाही!” पहारेकरी धावत आला.

“ख्वान बोलावतायत,” जुथा हळूच म्हणाली. तिच्याही आईनं तिच्यासाठी असंच बोलावलं होतं. पहारेकऱ्यानं टोपी काढली आणि तो बाजूला झाला.

बोलावलेला ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून सेंगनं झोळीतून पांढरा दोरा काढून हॉमच्या मनगटाला बांधला. गाठ नीट बसली का ते दोनदा पाहिलं.

मग तिघी वर गेल्या. आज रक्त चढवायचा दिवस होता. जुथानं सुई उघडली. हॉमनं दोरा बांधलेला हात मागे घेतला आणि दुसरा पुढे केला.