एका वेळी एकच आवाज

नागपुरात संध्याकाळचे साडेसात म्हणजे कॅरीत सकाळचे दहा.

पॉज म्हणजे बंद नव्हे.

एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे पराग गाडीच्या काचेवर इतके साठतात, की बोटाने नाव लिहिता येतं.

"तू करू नकोस. मला वाटेल तेव्हा मी करीन." धाकटी, थोरलीला.

चार डेस्कटॉप. तीन कुणाला लागतच नाहीत.

आईच्या तेराव्याला पोचता आलं नाही.

आता जोडून सांगतो.

मी शंतनू. २००५ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहायचो आणि जवळच्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचो. शेजारच्या टाउनहाउसमध्ये मोरेश्वरकाका आणि शैलजाकाकू. जानेवारीत काकूंची आई नागपुरात वारली. काकू पोचल्या नाहीत. सगळं धाकट्या बहिणीने, शरयूने, एकटीने केलं, आणि वरचं, फोन तू करू नकोस हे, बोलून फोन ठेवला. काकूंनी ते पाळलं. मार्चअखेर शरयूच्या मुलाची, मिहीरची, ईमेल आली : मावशी, आईला कॉम्प्युटरवरून फोन करायला शिकवलंय. ती करेल, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला. मी बंगलोरला चाललोय.

त्याच आठवड्यात मी काकूंचा लॅपटॉप पुसून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

"व्हायरसची कटकट नाही, काकू. फुकट आहे आणि चांगलं आहे."

"फुकट आणि चांगलं?" काका म्हणाले. "तीस वर्षं झाली अमेरिकेत, दोन्ही एकत्र बघितलेलं नाही."

लिनक्समध्ये एकाच स्क्रीनमागे चार डेस्कटॉप असतात, एका वेळी एकच दिसतो; इंटरनेट फोनचा प्रोग्राम मी दुसऱ्यावर ठेवला. पहिला काकूंसाठी मोकळा, स्वच्छ : आईचा फोटो आणि गाण्यांचा प्लेयर. मला ते फार देखणं वाटलं. "रिंग वाजली की या कोपऱ्यात क्लिक करा," एवढं शिकवलं.

काकू वाट बघायला लागल्या. शांत घर अंगावर येतं म्हणून गाणी लावून. दहा वाजत आले की गाणं पॉज करायच्या आणि लॅपटॉपसमोर बसायच्या. साडेदहाला पुन्हा सुरू.

दहा दिवसांनी मला बोलावलं.

"वाजतो ना रे नक्की?"

मी प्लेयर बंद केला. पॉज नाही, बंद. माझी सवय, टेस्ट करताना बाकी सगळं बंद करायचं. माझ्या लॅपटॉपवरून त्यांना फोन लावला. वाजला. खणखणीत.

"लॅपटॉप ठणठणीत आहे, काकू. त्यांनीच केला नसेल."

हे दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "हं." मग, "चहा घेणार?"

घेतला.

त्या लॅपटॉपचं साउंड कार्ड एका वेळी एकाच प्रोग्रामचा आवाज घ्यायचं. प्लेयरने ते धरलं की फोनची रिंग दाराबाहेर. पॉज केलं तरी प्लेयर कार्ड सोडत नाही, धरून बसतो. दोन आवाज मिसळायचे तर सेटिंग्जची एक फाइल लिहावी लागते. नऊ ओळी. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ती सहा महिने होती. काकूंच्या लॅपटॉपवर टाकायची राहून गेली.

राहून गेली नाही. मी टाकली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी काकूंना फोटो कॉपी करून हवे होते. मी कीबोर्डवर सवयीने दुसऱ्या डेस्कटॉपवर गेलो. फोनची खिडकी उघडीच होती. शरयू. शरयू. शरयू. न घेतलेले फोन अकरा. बहुतेक दहा ते साडेदहामधले.

यादी पुसायचं बटण खाली उजवीकडे होतं. माझा बाण त्यावर गेला. किती वेळ होता ते सांगत नाही. काकू आत पोहे परतत होत्या. आधी मी नऊ ओळी टाकल्या. चार मिनिटं लागली. मग हाक मारली.

"काकू, फोन आले होते."

"कधी?"

"अकरा वेळा."

त्या हातात झारा घेऊनच आल्या. वाचलं. बोट लावून एकेक ओळ वाचली.

"शेवटचा मंगळवारी," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिला वाटतंय, मी समोर बसून बघतेय आणि उचलत नाहीये."

"हो."

"तू म्हणालास ठणठणीत आहे."

"हो, काकू."

काका पेपरमागून काहीतरी बोलणार होते. काकूंनी नुसता हात वर केला. खुर्चीवर बसल्या. तीन महिने पाळलेलं मोडलं आणि स्वतः फोन लावला. पाच रिंग. सहा.

"झाली का आठवण?" शरयूचा आवाज, फुटका, खोलीभर. "अकरा वेळा केला मी. अकरा! मोजलेत. आईसारखं मलाही तसंच सोडायचं होतं का?"

मी पुढे वाकलो. मी, शंतनू, शेजारचा, चूक माझी. वाक्य तयार होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि माईक स्वतःकडे ओढला.

"शरू, माझंच चुकलं गं. मला हे मशीन नीट वापरता येत नाही. काहीतरी चुकीचं दाबलं असेल मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "तुला मिक्सरसुद्धा धड लावता यायचा नाही."

"नाहीच यायचा."

मी उठून आत गेलो. पोहे खाली लागले होते, गॅस बंद केला. बाहेर काकू सांगत होत्या, बोल, अगं बोल, मी आहे इथेच. मी परत जाऊन खरं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. शरयूमावशी पुढच्या वर्षी कॅरीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तू शंतनू ना? ताईचा कॉम्प्युटर तूच सांभाळतोस म्हणे, बिचारीला काही कळत नाही त्यातलं."

"थोडंफार करतो, मावशी," मी म्हणालो.

त्या अकरातला पहिला फोन नऊ एप्रिलला, शनिवारी सकाळी दहा वाजून सहा मिनिटांनी आला. मी तेव्हा काकूंकडेच चहा घेत होतो आणि टेस्टसाठी बंद केलेलं गाणं मीच पुन्हा लावायला सांगितलं होतं.