मांगे शे

फ्री स्टाईल कुस्त्यांची कंपनी पुन्हा धुळ्यात येणार, असं ओरडत रिक्षा देवपुरात फिरली आणि तोतारामने लगेच तीच गोष्ट सुरू केली. त्र्याऐंशी सालच्या कुस्तीची. त्याचं चहाचं हॉटेल माझ्या घराला लागून आहे. पाच वर्षं ती गोष्ट मी भिंतीतून ऐकतो आहे.

एक बुरखेवाला पैलवान होता आणि त्याच्यासमोर बलकार नावाचा पंजाबी. बलकार जिंकत आला होता. बुरखेवाला लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या पाठीमागून यायला लागला. तेव्हा बायकांच्या बाजूने एक बाई उठली आणि ओरडली, "मांगे शे! मांगे शे रे भाऊ!" आमच्या अहिराणीत मांगे शे म्हणजे मागे आहे. त्या पंजाब्याला ते हिंदी वाटलं. बाई काहीतरी मागते आहे असं समजून तो दोरीपाशी आला, हात जोडले आणि म्हणाला, "क्या मांगे, अम्मा?" तेवढ्यात पाठीत खुर्ची बसली.

मैदान हसून लोळलं. त्या दिवशी कोण जिंकलं ते आज कुणाला सांगता येत नाही. एवढंच लक्षात आहे, आणि तेही धड नाही. हॉटेलात रोज बसणारा सुकदेव म्हणतो खुर्ची नव्हतीच, स्टूल होतं. तोताराम म्हणतो ओरडणारी त्याची बायको कुंदा होती.

ती माझी बायको होती. भागाबाई. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ती वारली.

कुंदाबाई तेव्हा माहेरी, दोंडाईच्याला होती. हे मी तोतारामला कितीदा सांगितलं. तो म्हणतो, "नाना, इतली गर्दीमा कोण वरडनं, कोणले दिसनं?"

भागाबाई त्या दिवशी हसली नव्हती. पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत एकच म्हणत होती, माझ्यामुळे त्याला मार बसला. मी सांगितलं, अगं, ही नुरा कुस्ती, सगळं आधी ठरलेलं असतं, आता दोघं एका ताटात जेवत असतील. ती म्हणाली, मग मी ओरडणार हे कोणी ठरवलं होतं? पुढे भाकरी थापतानाही मधेच म्हणायची, हिंदीत सांगायला पाहिजे होतं, पीछे है म्हणायचं होतं. दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना मला विचारते, तो पैलवान बरा असेल ना? काय बोलायचं अशा माणसाशी.

कंपनी आली त्या दुपारी मी तोतारामला ओढत, पैलवान उतरले होते त्या धर्मशाळेत नेलं. म्हटलं, त्यालाच विचारू, बाई कोणती होती. बलकार नळावर बनियन धूत होता. पोट सुटलं होतं. मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "चाचा, वो तो अब हम हर गाँव में करते हैं." बाई कशी होती विचारलं, तर म्हणे, अम्मा जैसी अम्मा थी. तोताराम खूश झाला. माझं डोकं तापलं. भागाबाईने मरेपर्यंत जीव जाळला आणि ह्याने त्याचा खेळ करून टाकला.

संध्याकाळी बुरखेवाल्याने खुर्चीला हात लावायच्या आधीच मैदान ओरडायला लागलं, मांगे शे, मांगे शे. कुंदाबाई तर उभी राहून ओरडत होती. बलकार बायकांच्या बाजूला गेला, हात जोडले आणि म्हणाला, "क्या मांगे, अम्मा?" खुर्ची पडायची वाट बघत सगळे गप्प झाले.

मला बसवेना. मी उठून ओरडलो, "पीछे है, पैलवान. पीछे देख."

आणि तो वळला. सवयीने वळला असेल. बुरखेवाला खुर्ची वर धरून तसाच उभा. त्याला काय करावं कळेना. बलकारने त्याच्या हातातून खुर्ची घेतली, पण पुढे काय ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने ती खाली ठेवली. लोक माझ्यावर खवळले. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला बाहेर काढा. मागून शेंगांची टरफलं आली. मी घरी निघून आलो.

आता भिंतीतून नवी गोष्ट ऐकू येते. एक म्हातारा मधेच उठला आणि पैशांचा सत्यानाश केला. नव्या गिऱ्हाईकाने कोण म्हातारा विचारलं, की तोताराम चिडून सांगतो, "भागाबाईना नवरा. जी पहिले वरडनी व्हती, तिना."

सुकदेव अजून स्टूलच म्हणतो.