दुपारची फुगलेली रेघ

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगर फिरलं, फिरता फिरता खाली खाली बसत गेलं आणि एकदाचं गप्प झालं. दुपार इतकी शांत होती, की ते थांबल्यावरही मला थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

टेबलाखालून आवाज आला, "मी नाही पाडलं. ते आपलं आपण पडलं."

"हो का? पाय फुटले वाटतं त्याला."

"झाकणांना पाय नसतात, आई," माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीने माझी समजूत घातली. टेबलाला चादर लावून तिने खाली घर केलं होतं, आणि त्याच टेबलावर माझं ऑफिस होतं. वरच्या मजल्यावर मी, तळमजल्यावर ती. भाडेकरू गोंगाट करणारी, पण सोडून जाण्यातली नाही.

माझं काम काय, हे मला दोनदा सांगावं लागतं. वीज गेली की दवाखान्यांत, टेलिफोनच्या खोल्यांत, पाण्याच्या पंपांवर काही वेळ सगळं बॅटऱ्यांवर चालतं. अशा एकसष्ट ठिकाणच्या बॅटऱ्यांवर मी घरबसल्या लक्ष ठेवते. प्रत्येक ठिकाणाच्या स्क्रीनवर काही रेघा असतात. एक लोडची, म्हणजे या क्षणी किती वीज ओढली जातेय त्याची. एक बॅटरी किती तापलीय त्याची. शिवाय महिन्यातून एकदा परीक्षा असते. मुद्दाम वीज तोडायची आणि बॅटरी किती वेळ तग धरेल ते बघायचं. सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगतात, "आमची सून बॅटऱ्यांची नाडी बघते." मला हे माझ्या नेमणुकीच्या पत्रातल्या नावापेक्षा जास्त आवडतं.

सदतिसाव्या नंबरचा पेशंट एक छोटं प्रसूतिगृह होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी तिथे काचेच्या दोन उबदार पेट्या आहेत. वीज गेली की जनरेटर हाताने सुरू करावा लागतो. त्यासाठी माणूस येईपर्यंत अर्धा तास धरलेला आहे, आणि तेवढा अर्धा तास त्या पेट्या बॅटरीने उबदार ठेवायच्या. सहा महिन्यांपूर्वीच्या परीक्षेत बॅटरी बावन्न मिनिटं टिकेल असं दिसलं होतं. या महिन्यात तेहेतीस. पुढच्या महिन्यात तिशीच्या खाली गेली असती, आणि मग त्या पेट्यांतली ऊब एखाद्या दिवशी माणूस पोचायच्या आधीच संपली असती.

बॅटऱ्या जेमतेम वर्षाच्या होत्या. इतक्या लवकर म्हातारपण त्यांना उष्णतेनेच येतं. आणि उष्णता होतीच. सकाळभर चोवीस अंशांवर निजलेली रेघ दुपारी हळूहळू वर चढायची, पस्तिसाला टेकायची आणि मग तशीच सावकाश उतरायची. पोटात काहीतरी लपवल्यासारखी फुगलेली. गंमत म्हणजे तेव्हा लोडची रेघ जागची हलत नसे. काम तेवढंच, मग घाम कशाचा?

आमच्या साहेबांना गंमत वगैरे वाटली नाही. "सेन्सर बिघडला असेल. नव्या बॅटऱ्या मागवू या, विषय संपवा."

"सर, नव्या यायला दीड महिना लागेल. आणि कारण तिथेच राहिलं तर त्याही भाजून निघतील. रोग ठेवायचा आणि रोगी बदलायचा, असं होईल ते."

"मग शोधा कारण. पण लवकर."

शोधायचं म्हणजे काय, बघत बसायचं. लोकांना वाटतं हे कंटाळवाणं आहे. मला मात्र ती रेघ शेजारच्या घरातल्या बंद दारासारखी वाटायला लागली होती. यंत्रं वेळेची पक्की असतात. लिफ्ट, पाण्याची मोटर, कपडे वाळवायचं मशीन, सगळ्यांच्या खुणा मी ओळखते. ही रेघ कधी बाराला फुगायची, कधी सव्वा वाजता. कधी पाऊण तास फुगलेली राहायची, कधी पावणेदोन तास. आठवड्याच्या सुट्टीला अगदी सपाट.

तिथल्या मिस्त्रींना मी फोन केला. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, पण मला ताईच म्हणतात.

"ताई, आजच सकाळी आठला हात लावून बघितलं. थंडगार. बॅटऱ्यांच्या खोलीला खिडकीच नाही, ऊन यायचं कुठून? आणि भूत म्हणाल, तर आठवड्याची सुट्टी घेणारं भूत मी तरी ऐकलेलं नाही."

"काका, दुपारी कोण जातं त्या खोलीत?"

"दुपारी मी दुसऱ्या इमारतीत असतो. किल्ली नोंदणीच्या खिडकीशी टांगलेली. जाईल तो जाईल, पण करणार काय तिथे? उभं राहायला जागा नाही."

आणि मग मंगळवार आला. बारा पन्नासला रेघ चढायला लागली आणि दहा मिनिटांत खाली आली. वीस मिनिटांनी पुन्हा चढली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा चढली ती मात्र दीड तास वर राहिली. मी हातातला कप खाली ठेवला. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, भोगलं होतं.

कपाट उघडून मी खालच्या कप्प्यातली निळी वही काढली. लेक सहा महिन्यांची असताना माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, तेव्हा मी तिची झोप लिहून ठेवायचे. पान उलटलं: साडेबारा ते बारा चाळीस. एक ते एक दहा. पावणेदोन ते सव्वातीन. खाली माझ्याच अक्षरात, पेन दाबून लिहिलेलं: दात!

लेक चादरीखालून डोकं काढून बघत होती. "हे काय आहे?"

"तू कधी झोपायचीस ते."

"आणि हे?" तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हेही कोणीतरी झोपतंय," मी म्हणाले, आणि म्हणताना अंगावर काटा आला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मला तर आख्खं मूल रेघेत दिसत होतं.

बुधवारी एक वाजून अठरा मिनिटांनी रेघ हलली, तशी मी मिस्त्रींना फोन लावला. "काका, आत्ताच्या आत्ता त्या खोलीत जा. चपला बाहेर काढून."

"चोर आहे की काय?"

"असला तर झोपलेला असेल."

फोन चालूच होता. जिना, मग लांबलचक बोळ, मग बिजागरीची बारीक कुरकुर. मग यूपीएसच्या पंख्याची घूं घूं, आणि बराच वेळ दुसरं काही नाही.

"ताई," ते इतक्या हळू बोलले की मी फोन कानात घुसवला. "टोपली आहे. धुण्याची. बॅटऱ्यांच्या कपाटाच्या मागच्या जाळीला अगदी चिकटवून ठेवलीय, गरम हवा येते ना, तिथे. वरचं पांघरूण जाळीवर पसरलंय. आणि आत…"

"बाळ."

"तुम्हाला दिसतंय?"

"नाही हो. किती मोठं आहे?"

"आठ-नऊ महिन्यांचं. मूठ वर करून झोपलंय, मोर्चाला निघाल्यासारखं. सत्तावीस वर्षं मशिनं खोलतोय मी, असला पार्ट पहिल्यांदाच बघितला." मग म्हणाले, "इमारतभर बाळांच्या खोल्या, आणि हे इथे अडगळीत."

तेवढ्यात कोणीतरी धावत आल्याचा आवाज झाला. मिस्त्री म्हणाले, "नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई आहेत. त्यांचंच बाळ. बोला."

तिचा आवाज माझ्यापेक्षाही लहान वाटला. "ताई, वर सांगू नका. घरी सांभाळायला कोणी नाही. तो दुसरीकडे कुठे डोळा मिटतच नाही. या पंख्याचा आवाज लागला की पाच मिनिटांत झोपतो. आणि इथे त्याचे पाय गार पडत नाहीत." मग एकदम, "पण तुम्हाला तिकडे बसून कळलं कसं?"

"तो कधी झोपतो, कधी उठतो, सगळं दिसतं मला. काल दोनदा उठला ना?"

 तिकडून हसल्यासारखा श्वास आला. "दात येतायत त्याला."

"मला वाटलंच."

क्षणभर आम्ही दोघी नुसत्या दोन आया होतो. पुढचं बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी सांगितलं. जाळी झाकली की आतली गरमी आतच कोंडते, बॅटऱ्या आटत जातात, आणि त्या बॅटऱ्यांवर काचेच्या पेट्या आहेत. सध्या त्यांच्याकडे अर्ध्या तासावर फक्त तीन मिनिटं उरली आहेत.

"त्या पेट्या?" ती म्हणाली. "त्यांतल्या बाळांची नावं मीच लिहिते, ताई. कालच एक आलीय, माझ्या तळहाताएवढी." मग म्हणाली, "टोपली जरा लांब ठेवली तर? हातभर?"

मी खोलीचा नकाशा बघितला. तिथे हातभर जागाच नव्हती. "त्या खोलीतच नको गं. बॅटऱ्यांची हवा त्याच्या छातीलाही चांगली नाही."

"बरं," ती म्हणाली. त्या एका शब्दानंतर फक्त टोपली फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ झोपमोड झालेल्या बाळाचा. मी फोन कानापासून दूर धरला. काही उपयोग झाला नाही.

साहेबांना लिहिलं: गरम हवेच्या वाटेत अडथळा होता, काढला. त्यांचा लगेच फोन. "कसला अडथळा?"

"टोपली, सर. धुण्याची."

"कमाल आहे लोकांची. कुठेही काहीही ठेवतात!"

"जागा मिळेल तिथे ठेवतात, सर."

साहेबांनी मागवलेल्या नवीन बॅटऱ्या येतीलच, पण तोवर जुन्यांची घसरण थांबली. पुढच्या परीक्षेत पुन्हा तेहेतीसच. साहेबांनी "छान" असं लिहिलं, आणि ते क्वचितच लिहितात. मी मिस्त्रींना त्या बाळाबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "बाई रोज खिडकीवर असतात. टोपली काही दिसत नाही. विचारलं नाही मी, ताई. कुठल्या तोंडाने विचारू?"

लेकीला मात्र नवाच नाद लागला होता. दुपारी जेवण झालं की खुर्चीवर चढायचं आणि म्हणायचं, "बाळाची रेघ दाखव."

मी सदतीस नंबर उघडायचे. रेघ चोवीस अंशांवर सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ती का नाही फुगली?"

"कारण आता बॅटरी बरी आहे. वीज गेली तरी काचेतली बाळं उबेत राहतील."

तिने नाक स्क्रीनला टेकवलं आणि ती सरळ रेघ डावीकडून उजवीकडे बोटाने सावकाश तपासली, कुठे एखादा बारीकसा फुगवटा राहून गेलाय का ते बघत. मग माझ्याकडे वळली.

"आणि टोपलीतलं? ते आज झोपलं का, आई?"