झाकून ठेवलेला मका

मी एक जुनी भाषा आहे. माझे नाव टिकार, माझ्या माणसांचेही तेच. कॅमेरूनमधल्या बांकिमच्या मैदानात मी राहते. मित्रांनो, आज मी फार वैतागले आहे.

पंडितांनी मला पुरते छळले. आफ्रिकेतल्या भाषांची कुळे मांडताना एकाने मला बांटू भाषांच्या दूरच्या बहिणींत बसवले, दुसऱ्याने डोंगराळ भागातल्या शेजारणींत ओढले, तिसऱ्याने भिंतीकडेला एकटीलाच उभे केले. बोलणारे किती उरले, ते मात्र एकानेही जाता जाता विचारले नाही.

नव्या मक्याचा दिवस होता. घासाआधी मक्याची दारू जमिनीवर ओतून गेलेल्यांना माझ्यातच बोलवायचे, ही इथली रीत. दारूने भरलेला सुका भोपळा हाती घेईल त्यानेच बोलायचे, मध्ये कोणी सांगायचे नाही. इतकी वर्षे हे काम म्हातारी मेविम करायची. यंदा तिने भोपळा पाहुण्यांपुढे धरला. डोंगरावरच्या राजाची ही माणसे, आमचे पूर्वज टिकारच, असे सकाळपासून सांगत होती. आता माझ्यात बोलायची वेळ आली, तशी ती एकमेकांची तोंडे पाहू लागली.

"आम्ही मनाने टिकार आहोत, आई," त्यांतला एक म्हणाला.

"मग मका पण मनानेच खा."

मेविमने भोपळा भाचीकडे दिला. क्लोदेत राजधानीत शिक्षिका आहे.

"आत्या, मी फ्रेंचमध्ये म्हणते ना. भावना महत्त्वाची."

"तुझा आजा शाळेची पायरी चढला नव्हता गं. त्याला काय डोंबल कळणार?"

क्लोदेत गुडघ्यावर बसली. आजा, पणजी, बुडालेला काका, तिने सगळ्यांची नावे नीट घेतली. मला तर भरून आले. पुढे फक्त 'या, बसा, जेवा' एवढेच म्हणायचे होते. ती थांबली. तिचे ओठ हलले, पण मी काही तिथे नव्हते. लहानपणी, घरात ही भाषा बोललीस तर शाळेत मागे पडशील, असे तिला याच आत्याने बजावले होते.

"आत्या, पुढचं सांग ना."

मेविमचे डोळे भरले. सांगायची सोय नव्हती. तिने मक्याच्या हंडीवर झाकण ठेवले. "नावं घेऊन दारात आणलंस त्यांना. आता आत बोलावणारं कोणी नाही. ते उपाशी, तर आपणही उपाशी. ऊठ, चल घरात, शिकवते. चूक माझीच आहे."

मित्रांनो, माझे कूळ सावकाश ठरवा. अख्खे गाव हंडीभोवती बसले आहे, मका निवतो आहे, आणि क्लोदेत आत अजून पहिल्याच शब्दावर अडली आहे. तुमच्या घरातल्या भाषेत आज कोणाला तरी जेवायला हाक मारा.